कुंपण घालण्याआधी वाचा: अमेरिकेतल्या शेतजमिनीसाठी इक्विपचं अनुदान कसं मिळवायचं

अमेरिकेत दहा-वीस एकरांपासून शे-दोनशे एकरांपर्यंत जमीन घेतलेल्या मराठी मंडळींकडून एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: "कुंपण घालून झालंय, बिलं सगळी जपून ठेवलीत. आता इक्विपचे पैसे कसे मागायचे?" आता मागता येत नाहीत. करारावर दोन्ही बाजूंच्या सह्या होण्याआधी सुरू केलेल्या कामाला पैसे मिळत नाहीत, मग बिलं कितीही चोख असोत. गावाकडे महाडीबीटीची पूर्वसंमती यायच्या आधी ठिबक बसवलं तर अनुदान अडकतं, हे शेतकऱ्याला पाठ असतं. इथे आल्यावर तीच माणसं आधी कंत्राटदाराला फोन करतात.

इक्विप ही अमेरिकेच्या कृषी खात्याची, म्हणजे यूएसडीएची योजना. ती त्याच खात्यातली एनआरसीएस, म्हणजे माती-पाणी जपण्याचं काम पाहणारी संस्था चालवते. माती, पाणी, गवत यांची झीज थांबवणाऱ्या कामाचा काही भाग सरकार देतं आणि उरलेला तुमच्या खिशातून जातो. हे कर्ज नाही, आणि मागेल त्याला मिळेल असंही नाही. अर्जांची आपसात स्पर्धा असते आणि त्या स्पर्धेचे नियम बऱ्याच अंशी तुमच्या काउंटीत, तुम्ही अर्ज करण्याच्या आधीच ठरलेले असतात. म्हणून खालचा क्रम मोडू नका.

## टप्पा १: आधी एफएसएकडे जमिनीची नोंद

एनआरसीएसच्या दारात जाण्याआधी फार्म सर्व्हिस एजन्सी, म्हणजे एफएसए. बहुतेक ठिकाणी दोन्ही कार्यालयं एकाच यूएसडीए सर्व्हिस सेंटरमध्ये असतात. भेटीची वेळ घेऊन जा. २०२५ मध्ये बऱ्याच कार्यालयांतली माणसं कमी झाली आहेत, त्यामुळे थेट जाऊन काम होईल यावर विसंबू नका.

सोबत नेण्याची कागदपत्रं: जमिनीचं डीड (भाड्याने घेतली असेल तर लीज), ओळखपत्र, सोशल सिक्युरिटी क्रमांक, बँकेचा तपशील. जमीन एलएलसीच्या (मर्यादित जबाबदारीच्या कंपनीच्या) नावावर असेल तर ईआयएन (कंपनीचा कर क्रमांक), ऑपरेटिंग ॲग्रीमेंट आणि सही करण्याचा अधिकार कुणाला आहे ते दाखवणारा कागद. एफएसए तुमच्या जमिनीला फार्म नंबर आणि ट्रॅक्ट नंबर देते. हे दोन नंबर मिळेपर्यंत पुढचं काही हलत नाही.

इथेच पात्रतेचे फॉर्म भरून घ्या. एडी-१०२६ हा धूप होणाऱ्या जमिनी आणि पाणथळ जागांचे नियम पाळण्याची हमी देणारा, सीसीसी-९४१ हा उत्पन्नाच्या मर्यादेचा. शेती कोण आणि कशी करतं याची माहिती सीसीसी-९०२ मध्ये, आणि एलएलसी असेल तर सभासदांची यादी सीसीसी-९०१ मध्ये.

उत्पन्नाच्या मर्यादेबद्दल गैरसमज फार. तीन करवर्षांची सरासरी एजीआय (कररिटर्नवरचं समायोजित एकूण उत्पन्न) ९ लाख डॉलरच्या वर नसावी असा हा नियम आहे. ती तीन वर्षं मोजताना नुकतंच संपलेलं वर्ष सोडायचं, म्हणजे २०२६ साठी २०२२, २०२३ आणि २०२४. नवरा-बायको एकत्र रिटर्न भरत असतील तर सीपीए (सनदी लेखापाल) किंवा वकिलाच्या दाखल्यावर दोघांचं उत्पन्न वेगळं दाखवता येतं. चार मित्रांनी मिळून एलएलसी केली असेल तर प्रत्येकाला हा फॉर्म भरावा लागतो आणि एकजण अपात्र ठरला तर त्याच्या हिश्शाएवढी रक्कम कापली जाते.

तपासा: डीड, करखात्याकडची नोंद, बँक खातं आणि अर्ज या चारही ठिकाणी नाव अक्षरशः एकच आहे ना? आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं मधलं नाव एका कागदावर असतं, दुसऱ्यावर नसतं. जमीन एलएलसीची आणि अर्ज स्वतःच्या नावाने, हा त्याचाच थोरला भाऊ. यात अर्ज महिनोन्महिने पडून राहतो.

सावधान: तुम्ही एच-१बी व्हिसावर असाल, ग्रीन कार्ड नसेल आणि शेतजमीन घेतली असेल, तर इक्विपचा विचार बाजूला ठेवून आधी अफिडा, म्हणजे परकीयांच्या शेतजमिनीची नोंद ठेवणाऱ्या कायद्याखालचा एफएसए-१५३ फॉर्म पाहा. परकीय व्यक्तीने शेतजमीन घेतल्यावर ९० दिवसांत तो भरायचा असतो. अगदी लहान तुकड्यांना सूट आहे, पण ती आपल्याला लागू आहे हे स्वतःच ठरवू नका, एफएसएला विचारा. दंड जमिनीच्या बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

टेक्सासवाल्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. काउंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टकडून (मालमत्ता करासाठी जमिनीचं मूल्य ठरवणाऱ्या कार्यालयाकडून) मिळणारी ॲग व्हॅल्युएशनची, म्हणजे शेतीवापराच्या जमिनीची कर सवलत आणि इक्विप यांचा काही संबंध नाही. ती मिळते म्हणून तुम्ही इथे पात्र ठरत नाही आणि अप्रेझल डिस्ट्रिक्टचे कागद एफएसएकडे आपोआप पोचत नाहीत.

## टप्पा २: काउंटीला काय महत्त्वाचं वाटतं ते शोधा

बहुतेक अर्जदार ही पायरी गाळतात, आणि पैसे इथेच ठरतात.

देशभरात सुमारे ३,००० मृद व जलसंधारण डिस्ट्रिक्ट आहेत. तुमच्या भागाचा डिस्ट्रिक्ट एनआरसीएससोबत लोकल वर्किंग ग्रुपची बैठक घेतो. शेतकरी, पशुपालक, सरकारी खात्यांचे लोक बसून ठरवतात की आपल्या भागात सर्वांत मोठा प्रश्न कोणता: मातीची धूप, नदीत जाणारं खताचं पाणी, ओरबाडलेली कुरणं, झुडपांचं अतिक्रमण की आटत चाललेल्या विहिरी. ही शिफारस राज्याच्या तांत्रिक समितीमार्फत स्टेट कंझर्व्हेशनिस्टकडे, म्हणजे एनआरसीएसच्या राज्यातल्या प्रमुखाकडे जाते. अंतिम निर्णय एनआरसीएसचा असतो. पण कुठल्या कामांसाठी पैशांचा वेगळा गट ठेवायचा आणि गुण कशाला द्यायचे, यावर या बैठकीची छाप पडते.

बैठक सगळ्यांना खुली असते, आणि खुर्च्या रिकाम्या असतात. पाच-सात जुने पशुपालक बोलतात आणि त्यांचंच म्हणणं कागदावर जातं. भाजीपाला पिकवणारे किंवा नव्याने जमीन घेतलेले कुणी आलेच नाहीत, तर त्यांचे प्रश्न यादीत कसे येतील?

डिस्ट्रिक्टला फोन करून हे विचारा:

- पुढची लोकल वर्किंग ग्रुपची बैठक कधी आहे, आणि मागच्या बैठकीत कोणते प्रश्न वरच्या क्रमांकावर होते?
- माझ्या काउंटीतल्या अर्जांसाठी यंदा कोणकोणते पैशांचे गट आहेत?
- मागच्या वर्षी कोणत्या गटात किती अर्ज आले आणि किती मंजूर झाले?
- राज्याची स्वतःची वेगळी कॉस्ट-शेअर (खर्चाचा वाटा उचलणारी) योजना आहे का?

शेवटचा प्रश्न विसरू नका. मिझुरीत विक्रीकराचा एक लहानसा वाटा माती-पाण्याच्या कामांसाठी राखलेला आहे आणि तो काउंटीच्या डिस्ट्रिक्टमार्फतच वाटला जातो. इक्विपच्या रांगेत वर्ष घालवण्यापेक्षा लहान कामाला असा मार्ग कधी कधी बरा पडतो.

बैठकीत बोलायचं तर "आम्हाला कुंपणाला पैसे द्या" असं बोलू नका. कोणत्या ओढ्याच्या काठाला, किती एकरांवर, किती शेतांत काय होतंय ते सांगा. आणि तुमच्या यंदाच्या अर्जाला याचा उपयोग होईल अशी आशा धरू नका. बैठकीतलं बोलणं पुढच्या वर्षीच्या यादीसाठी असतं.

## टप्पा ३: वस्तू मागू नका, दुखणं दाखवा

एनआरसीएसच्या भाषेत सगळं "रिसोर्स कन्सर्न"पासून सुरू होतं. माती, पाणी, हवा, वनस्पती, जनावरं, ऊर्जा यांपैकी कशाचं नेमकं काय बिघडलंय? ते सिद्ध झालं तरच त्यावरचा उपाय करारात येतो. कुंपण, पाण्याचा हौद, पाइपलाइन हे उपाय आहेत. दुखणं नसेल तर औषध मिळत नाही.

एक नमुना बघू. साठ एकरांचं सलग कुरण, पंचवीस गाई आणि आग्नेय कोपऱ्यात एकच तळं. उन्हाळ्यात गाई तळ्यापासून फार लांब जात नाहीत. तळ्याभोवतीचं गवत मुळापर्यंत खाल्लेलं, मधे मधे उघडी माती, काठ खुरांनी ढासळलेला, पाणी गढूळ. आणि वायव्येच्या टोकाला गवत गुडघाभर वाढून वाळून चाललंय, तिकडे शेणसुद्धा दिसत नाही. मालक कार्यालयात जाऊन म्हणतो, "मला आतलं कुंपण घालायचंय." हे वाक्य फुकट गेलं.

तोच मालक असं म्हणाला तर? "माझ्या साठ एकरांपैकी वीस एकरांवर चराई जास्त होते आणि उरलेल्यावर होतच नाही. तळ्याचा काठ ढासळतोय. पाणी एकाच जागी आहे." आता अधिकारी स्वतःच उपाय जोडत जातो: चराईचं वेळापत्रक (प्रॅक्टिस ५२८, हा एनआरसीएसच्या यादीतला कामाचा क्रमांक), कुरणाचे भाग पाडणारं कुंपण (३८२), पाइपलाइन (५१६), दूरच्या भागात हौद (६१४), हौदाभोवती चिखल होऊ नये म्हणून खडीचा थर (५६१). यात खरा उपाय चराईचं वेळापत्रक आहे आणि कुंपण त्याच्या मदतीला आलंय. शेजाऱ्याच्या गाई आत येतात म्हणून हद्दीचं कुंपण मागितलं तर सहसा काही मिळत नाही, कारण त्यात मातीचं वा गवताचं दुखणंच नाही.

भेटीआधीची तयारी अशी:

१. वेब सॉइल सर्व्हे या सरकारी संकेतस्थळावरून आपल्या जमिनीचा मातीचा नकाशा काढा. फुकट आहे.
२. जमिनीचा हवाई नकाशा छापून त्यावर हाताने पाणवठा, फाटक, जुनं कुंपण, ओघळी, उघडी माती असलेले भाग दाखवा.
३. ठरावीक चार जागांवरून वेगवेगळ्या ऋतूंत फोटो घ्या, तारखेसकट. पावसाळी हिरवळीत सगळीच कुरणं छान दिसतात.
४. किती जनावरं, कोणत्या महिन्यांत, कुठल्या भागात, ते लिहून ठेवा.

अधिकारी जमिनीवर आला की त्याच्यासोबत चाला. ट्रकच्या खिडकीतून जमीन दाखवणारे मालक बरेच भेटतात. ढासळलेला काठ खिडकीतून दिसत नाही.

सावधान: ठिबक किंवा सिंचनाचं काम हवं असेल तर ती जमीन गेल्या पाच वर्षांपैकी दोन वर्षं ओलिताखाली होती हे दाखवावं लागतं. कोरडवाहू जमीन नव्याने बागायती करायला इक्विप नाही.

## टप्पा ४: अर्ज आणि तारीख

अर्जाचा फॉर्म सीपीए-१२०० (इथलं सीपीए म्हणजे लेखापाल नव्हे, ते फॉर्मचं नाव आहे). तो वर्षभर घेतला जातो, आणि म्हणूनच लोक गाफील राहतात. अर्ज गठ्ठ्याने तपासले जातात आणि प्रत्येक गठ्ठ्याची शेवटची तारीख असते. सरकारी वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. तुमच्या राज्याची तारीख विचारून घ्या आणि उन्हाळ्यातच अर्ज देऊन टाका. आराखडा पूर्ण व्हायची वाट पाहायची गरज नाही, तो अर्जानंतर होतो.

जमीन भाड्याची असेल तर कराराचा पूर्ण काळ ती तुमच्या ताब्यात राहील हे दाखवावं लागतं, आणि कायमच्या बांधकामाला मालकाची लेखी संमती लागते. वर्षावर्षाने नूतनीकरण होणाऱ्या लीजवर इथे गाडी अडकते.

तपासा: अर्ज दिला म्हणजे तो रांगेत लागला असं नाही. एफएसएकडची पात्रता तारखेआधी पुरी झाली का, हे फोन करून विचारा. फोनवर नुसतं "हो, सगळं ठीक आहे" ऐकून ठेवू नका. कोणते फॉर्म "मंजूर" दिसतात ते एकेक करून विचारा.

## टप्पा ५: गुणांकन

एनआरसीएस कार्ट नावाच्या संगणकप्रणालीतून गुण देते. जागा किती नाजूक आहे, ठरवलेल्या कामांनी दुखणं किती बरं होईल, स्थानिक प्राधान्याशी ते किती जुळतं, आणि खर्चाच्या मानाने उपयोग किती, हे सगळं त्यात धरलं जातं.

यावर तुमचा ताबा मर्यादित आहे. जमिनीचा उतार बदलता येत नाही. पण एका दुखण्यावर पूर्ण उपाय मांडता येतो. नुसतं कुंपण मागणारा अर्ज आणि कुंपण, पाणी, चराईचं वेळापत्रक असा जोडून आलेला अर्ज यांत दुसरा सहसा वर राहतो.

गुण वाढावेत म्हणून जी कामं करायची नाहीत तीही आराखड्यात घालण्याचा सल्ला मिळेल. देणारा शेजारी भला माणूस असला तरी ऐकू नका. करारात लिहिलेलं प्रत्येक काम करावंच लागतं, नाही केलं तर करारभंग.

## टप्पा ६: सही करण्याआधी हिशोब

सरकारचा वाटा अंदाजित खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत असतो, नवशिक्या शेतकऱ्याला ९० टक्क्यांपर्यंत. नवशिका म्हणजे सलग दहा वर्षांहून जास्त शेती न केलेला आणि स्वतः कामात असलेला. जमीन एलएलसीची असेल तर सगळे सभासद या व्याख्येत बसायला हवेत. पूर्वी भारतीय वंशाच्या अर्जदारांना "सामाजिकदृष्ट्या वंचित" गटातूनही वाढीव दर मिळत असे. जुलै २०२५ पासून कृषी खात्याने वंश आणि लिंगावर आधारलेला तो निकष वापरणं थांबवलं आहे, तेव्हा जुन्या माहितीवर जाऊ नका.

हे टक्के तुमच्या बिलावर नसतात, आणि ही गोष्ट लोकांना सगळ्यात उशिरा कळते. राज्याने त्या वर्षासाठी प्रत्येक कामाचा ठरावीक दर काढलेला असतो, फुटाला इतके, हौदाला इतके. तेवढेच मिळतात.

समजण्यासाठी मनाचे आकडे घेऊ. करारात २,६०० फूट कुंपण, दर फुटाला २ डॉलर, म्हणजे ५,२०० डॉलर. कंत्राटदार फुटाला साडेतीन डॉलर सांगतो, म्हणजे ९,१००. तुमच्या खिशातून ३,९००. प्रत्यक्षात २,९०० फूट घातलं तरी मिळणार ५,२००च. २,४५० फूट घातलं तर ४,९००.

शिवाय पैसे काम झाल्यावर येतात. नवशिक्या शेतकऱ्याला निम्मी रक्कम आगाऊ मागता येते, पण ती ९० दिवसांत कामावर खर्च करावी लागते. म्हणून ती कंत्राटदाराची तारीख पक्की झाल्यावरच उचला.

तपासा: सहीच्या वेळी मिळणाऱ्या सीपीए-११५५ या तक्त्यात प्रत्येक कामाचं प्रमाण, दर आणि वर्ष असतं. गाईंच्या विण्याच्या हंगामात किंवा तुमच्या नोकरीच्या सगळ्यात धावपळीच्या महिन्यांत काम पडतंय का ते बघून सहीआधीच बदलून घ्या.

## टप्पा ७: सही झाली, आता काम

दोन्ही सह्या झालेली प्रत हातात आल्याशिवाय एक खांबही रोवू नका. साहित्य घेण्याचीही घाई नको. खरंच थांबता येत नसेल, उदाहरणार्थ पाण्याचा एकमेव पंप बंद पडला, तर आधी लेखी सूट मागता येते. तोंडी "करा सुरू" याला किंमत नाही.

पहिलं काम करारापासून १२ महिन्यांच्या आत सुरू व्हायला हवं. ते सुरू करण्याआधी त्याचं तपशीलपत्रक मागून घ्या आणि कंत्राटदाराच्या हातात द्या. स्थानिक कंत्राटदार वर्षानुवर्षं आपल्या पद्धतीने कुंपण घालत असतो, आणि ते चांगलंही असतं. पण तारांची संख्या, खांबांतलं अंतर, कोपऱ्याच्या आधाराची रचना पत्रकाप्रमाणे नसेल तर मोजणीत ते बसत नाही.

खणण्याआधी ८११ ला फोन करून जमिनीखालच्या वाहिन्या खुणावून घ्या.

पाइपलाइनचं काम असेल तर चर बुजवायची घाई करू नका. पाइप किती खोल आहे हे बुजवल्यावर कुणाला दिसणार? कार्यालयाला आधी कळवा आणि ते येऊ शकत नसतील तर लेखी विचारून फोटो घ्या: चरात टेप उभी धरलेली, आकडा वाचता येतोय, मागे ओळखू येईल असं झाड किंवा फाटक. पाइपवर छापलेल्या दाबाच्या आकड्याचाही जवळून एक फोटो. गवत पेरत असाल तर बियाण्याच्या पोत्याला शिवलेली चिठ्ठी फेकू नका. जात, शुद्धता आणि उगवण त्या चिठ्ठीवर असते आणि पैसे मागताना ती लागते.

सावधान: जागा बदलायची असेल, हौद पन्नास फूट इकडे घ्यावा वाटलं, तरी आधी विचारा. पुरातत्त्व आणि दुर्मीळ प्रजातींची तपासणी नेमक्या ठरलेल्या जागेसाठी झालेली असते.

## टप्पा ८: मोजणी, पैसे, कर

काम झालं की लगेच कळवा. अधिकारी येऊन मोजतो, पत्रकाशी ताडतो आणि मग सीपीए-१२४५ वर सही होऊन रक्कम थेट खात्यात येते. वर्ष संपल्यावर १०९९-जी हा करफॉर्म येतो, म्हणजे करखात्याला ही रक्कम माहीत असते. काही कॉस्ट-शेअर रकमेचा काही भाग करकायद्याच्या कलम १२६ खाली उत्पन्नातून वगळता येतो. शेतीचे रिटर्न भरणाऱ्या सीपीएलाच हे विचारा, सॉफ्टवेअरवर सोडू नका.

पैसे आले तरी जबाबदारी राहते. प्रत्येक कामाला ठरलेलं आयुष्य आहे. कुंपणाचं २० वर्षं, आच्छादन पिकाचं १ वर्ष. तेवढा काळ ते चालू ठेवायचं. जमीन विकायची वेळ आली तर सौद्याआधी एनआरसीएसला कळवा, म्हणजे करार नव्या मालकाच्या नावे करता येईल. त्याने नकार दिला तर दिलेले पैसे परत मागितले जाऊ शकतात, वर नुकसानभरपाईसकट. विक्रीच्या कागदात हे कलम घालायला वकिलाला सांगा.

## टप्पा ९: अर्ज मागे पडला तर

निधी संपल्यामुळे अर्ज मागे राहणं वेगळं आणि अपात्र ठरणं वेगळं. अपात्रतेचं पत्र आलं तर त्यात दाद मागण्याची मुदत असते, साधारण ३० दिवसांची. पत्र कपाटात ठेवू नका.

निधीअभावी राहिला असेल तर अर्ज पुढच्या फेरीत ठेवता येतो. तो ठेवला आहे का ते विचारा, गृहीत धरू नका. गुणांचा तपशील दाखवायला सांगा आणि कमी कुठे पडले ते बघा. अर्ज चुकीच्या गटात गेला होता का? स्थानिक प्राधान्याशी जुळलं नाही का? यंदा हुकलेल्या प्रश्नाला पुढच्या यादीत जागा हवी असेल, तर लोकल वर्किंग ग्रुपच्या बैठकीची तारीख घेऊनच कार्यालयातून बाहेर पडा. आणि या मधल्या काळात कंटाळून स्वतःच्या पैशाने अर्धं कुंपण घालून टाकू नका, तेवढा भाग पुढच्या करारातून बाद होतो.